काळ्या रानातली पाणंद: टू-व्हील, ऑल-व्हील की फोर-व्हील ड्राइव्ह?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी.

राहायला आम्ही जुळे सोलापुरात, शेती मोहोळ तालुक्यात सीनेच्या अंगाला. ऊस, थोडं डाळिंब, बाकी ज्वारी. आई-बाबा वस्तीवरच असतात, त्यांना शहर मानवत नाही, त्यामुळे दर आठवड्याला माझी फेरी ठरलेली. पुण्याचा हायवे सोडला की गावापर्यंत डांबरी आहे, पुढे वस्तीपर्यंत अडीच-तीन किलोमीटर पाणंद. सगळं काळं रान. कधीकाळी पडलेला मुरूम उसाच्या ट्रॉल्यांनी खाली गाडून टाकला. उन्हाळ्यात तिथून कुठलीही गाडी निघते. परतीचा पाऊस सुरू झाला की गाडी गावात लावायची आणि बाबा ट्रॅक्टर घेऊन न्यायला येणार. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा तर पाणी उतरल्यावरही कितीतरी दिवस पाणंदेत पाय ठेवता येत नव्हता. बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आता गाडी बदलायची आहे आणि घरात तीन मतं आहेत. नवऱ्याचं म्हणणं, रिअर-व्हील (फक्त मागची चाकं ओढणारी) थार पुरे, उंच आहे आणि स्वस्त पडते. भाऊ म्हणतो ग्रँड विटारा ऑलग्रिप (ऑल-व्हीलवाली) घे, पुण्याला जायलाही बरी. माझा कल फोर-बाय-फोर थार किंवा जिमनीकडे. एका शोरूममध्ये विचारलं तर "मॅडम, ऑल-व्हील आणि फोर-व्हील एकच" असं सांगितलं. ते एकच नाही एवढं मला कळतं. पण आमच्या पाणंदेत फरक नेमका कसा पडेल, आणि कुठला मोड कधी लावायचा, हे रोज चालवणाऱ्यांकडून ऐकायचं आहे.

डबल_ट्रॉली

दादा, फोर-बाय-फोरला वरचे जेवढे पैसे घालताय तेवढ्यात पाणंदेवर मुरूम पडंल की. वर सगळ्या शेजाऱ्यांचा दुवा मिळंल.

सीनाकाठ

ताई म्हणा :) मुरूम टाकून झालाय हो. कारखाना सुरू झाला की तुमची डबल ट्रॉली येते आणि सगळा गडप करते. मातोश्री पाणंद योजनेत प्रस्ताव दिला आहे, मधे एका बांधाचा वाद अडकलाय. तो मिटेपर्यंत गाडीचंच बघावं लागणार.

गिअर_तेल

ताई, आधी त्या "एकच" चं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझं गॅरेज आहे, फोर-बाय-फोरची कामं बरीच येतात.

थार, जिमनी, गुरखा, जुनी जिप्सी या पार्ट-टाइम फोर-व्हील गाड्या. 2H मध्ये फक्त मागची चाकं ओढतात. 4H लावलं की ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्समागची ताकद वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडते. दोन्ही एकाच वेगाने फिरणार, मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही. आता वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत चाक जरासं घसरून तो फरक काढून टाकतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो सगळा ताण शाफ्टात आणि गिअरात साठतो.

लोक गाडी घेऊन येतात, "लिव्हर अडकलाय" म्हणून. विचारलं की कळतं, सोसायटीच्या आवारात 4H मध्येच यू-टर्न मारलाय. स्टेअरिंग जड झालेलं, टायर कुरकुरतायत, गाडी अडखळत पुढं सरकते आणि लिव्हर 2H ला यायचं नाव घेत नाही. त्यावर उपाय साधा आहे. पाच-दहा मीटर सरळ रिव्हर्स घ्यायची, ताण सुटतो आणि लिव्हर खट्कन जागेवर येतो. रोज असं केलं तर मात्र खर्च मोठा.

4L म्हणजे ट्रान्सफर केसमधली वेगाची आणखी एक कपात, तीच लो-रेंज. थारला ती सुमारे अडीच पट आहे. गाडीचा वेग तेवढ्या पटीने कमी, चाकावरचा जोर तेवढ्या पटीने जास्त. 2H वरून 4H चालत्या गाडीत होतं, फक्त स्टेअरिंग सरळ हवं आणि त्या क्षणी मागची चाकं जागेवर फिरत नसावीत. 4L साठी गाडी थांबवायची, न्यूट्रलला टाकायची, मग लिव्हर.

ऑल-व्हील वेगळं. ग्रँड विटारात एरवी पुढची चाकं ओढतात. मागच्या ॲक्सलपाशी क्लच-प्लेटांचं कपलिंग असतं. पुढचं चाक घसरतंय असं सेन्सरला कळलं की प्लेटा दाबल्या जातात आणि मागं ताकद जाते. हे डांबरावरही बिनधास्त चालतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. लॉक मोड आहे, तो हळू वेगात मागची चाकं धरून ठेवतो. पण लो-रेंज नाही. आणि लांब चिखलात रेटत राहिलात तर कपलिंग तापतं, मग गाडी स्वतःला वाचवायला मागची चाकं सोडून देते. नेमकी नको तेव्हा.

हुरडा_खाणार

+1. शाळेत असं शिकवलं असतं तर.

कोथरूडकर_मूळचा_बाळ्याचा

गिअर_तेल यांनी यंत्र छान सांगितलं, पण निकाल थारच्या बाजूने झुकतोय, म्हणून ऑल-व्हीलच्या बाजूने बोलतो. माझ्याकडे ऑल-व्हील डस्टर आहे, ती इथे विकायला होती तेव्हा घेतलेली. 2WD, ऑटो, लॉक असे तीन मोड, गोल बटण फिरवायचं. पुणे-सोलापूर नेहमीचं.

ताई, तुमचा बहुतेक प्रवास डांबरावर आहे. भिगवण-इंदापूरच्या पट्ट्यात जोराचा पाऊस लागतो, रस्त्यावर मधेच पाण्याची चादर, पुढे शंभर मीटर कोरडं, परत पाणी. तिथे पार्ट-टाइमवाला काय करणार? कोरडा पट्टा आला की 4H चालत नाही, म्हणून तो 2H मध्येच चालवणार. म्हणजे मागच्या दोन चाकांची ओढ आणि हलकी शेपटी. माझी गाडी त्या वेळी क्षणाक्षणाला आपलं आपण ठरवत असते. जिथे आपण जास्त वेगात असतो आणि जिथे घरचे सगळे गाडीत असतात, तिथे ऑल-व्हील जास्त उपयोगाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

गिअर_तेल

हा मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त एक जोडतो. ओढ चार चाकांची असो की दोन, ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतो. ओल्या रस्त्यावर ऑल-व्हील लवकर वेग घेईल, लवकर थांबणार नाही. थांबणं टायरवर.

वाफसा

चर्चा चाकं किती ओढतात यावर चालली आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आयुष्य गेलेली बाई म्हणून सांगते, ओल्या काळ्या मातीत गाडी अडते ती बहुतेक वेळा ओढ कमी पडली म्हणून अडत नाही.

ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. चाकाचे पहिले चार फेरे झाले की टायरच्या खाचा भरतात. खाचा भरल्या की तो टायर गुळाच्या ढेपेसारखा गुळगुळीत, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. आणखी पुढे गेलात तर मातीचे थर चढत चढत मडगार्डच्या आत जाऊन बसतात आणि चाक फिरायचंच थांबतं. आमच्याकडे बैलगाडीच्या काळापासून चाकाची माती उलथण्यानं काढत काढत जायचे, ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट चाकोरी. उसाच्या ट्रॉलीनं आणि ट्रॅक्टरनं पाडलेली चाकोरी गुडघ्याएवढी खोल असते आणि मधे मातीचा उंच कणा राहतो. तुमची गाडी त्या चाकोरीत उतरली की पोट कण्यावर टेकतं. पोट टेकलं की चारही चाकं फिरोत, गाडी तसूभर हलत नाही. थारचं पोट 226 मिलिमीटरवर आहे, ग्रँड विटाराचं 210. कण्यापुढे दोघींची गत सारखीच. म्हणून चाकोरीत उतरायचंच नाही. एक बाजूची चाकं कण्यावर, दुसरी बांधाच्या कडेच्या गवतावर. गवताच्या मुळ्या माती धरून ठेवतात, तिथं चाक चालतं.

आणि पाऊस थांबला की लगेच निघायचं नाही. वरची साय सुकू द्यायची. ऊन असलं तर दुपारपर्यंत पाणंद वेगळीच होते.

डबल_ट्रॉली

ताई लाख बोलला. ह्यावर पुढं बोलायला जागा ठेवली न्हाय तुम्ही.

मालदांडी

मी जागा काढतो :) ट्रॅक्टरवाल्यांना हे फोर-व्हीलचं गणित आधीपासून माहीत आहे. फोर-व्हील ट्रॅक्टरला पुढची चाकं लहान, मागची मोठी, आणि पुढची मुद्दाम किंचित जास्त वेगानं ओढतील असा गिअर दिलेला असतो. रानात ते उत्तम चालतं. डांबरी रस्त्यावर लिव्हर तसाच ठेवून कारखान्यापर्यंत गेलं की पुढचे टायर एका हंगामात साफ. आमचे जाणते ड्रायव्हर रान सोडताना हात आपोआप लिव्हरवर नेतात. थारवाल्यांनी तीच सवय लावून घ्यावी: डांबर लागलं, 2H.

डिफरन्शियल लॉकचा पेडल पण ट्रॅक्टरवाल्याला माहीत. एक चाक खड्ड्यात फिरतंय आणि दुसरं गप उभं, तेव्हा तो दाबायचा आणि सरळच जायचं, वळायचं नाही. गाडीत पण तेच लागू आहे ना?

गिअर_तेल

अगदी तेच. 4H मुळे पुढचा आणि मागचा ॲक्सल जोडला जातो, पण प्रत्येक ॲक्सलच्या आत डिफरन्शियल मोकळंच असतं. पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी आलं तर फोर-बाय-फोरसुद्धा जागेवर उभी राहते. म्हणून गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक आहेत. थारच्या काही मॉडेलांत मागे आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक येतो. बाकी गाड्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवतात. त्याचा उपयोग होतो, पण चिखल चाकाला घट्ट धरून असेल तर मेकॅनिकल लॉकची सर येत नाही. घेताना हे कागदावर नीट बघा.

गोठ्यातला_डॉक्टर

मी पशुवैद्य. गाय अडली की पाऊस आहे का, पाणंद आहे का, हे विचारायची सोय नसते. माझी गाडी टू-व्हील ड्राइव्ह बोलेरो आहे, मागची चाकं ओढणारी, आणि मोहोळ-माढ्याच्या वस्त्यांवर ती जाते. त्यामुळे सीनाकाठ यांच्या यजमानांचं मत अगदीच उडवून लावू नये.

टू-व्हीलमध्ये जाण्यासाठी काय लागतं? मागच्या चाकांवर वजन. डिकीत पेंडीचं पोतं असलं तरी फरक कळतो. टायर खाचा मोठ्या असलेले. दुसरा गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, चिखलात शिरल्यावर थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. चाक जागेवर फिरायला लागलं की पाय उचलायचा, नाहीतर आपणच आपला खड्डा खणतो. रुतलीच तर आल्या वाटेनं मागे निघायचं, पुढे रेटायचं नाही.

पण मी जिथे हात टेकतो ते सांगतो. वस्तीच्या चढावर, ओढा ओलांडून वर निघताना, सुरुवातच शून्यातून असते. तिथे वेगाची मदत मिळत नाही आणि दोन चाकं जागेवर फिरतात. त्या जागी 4L वाला गाडी पहिल्यात टाकतो आणि पाय जवळजवळ न लावता वर निघून जातो. उतारालाही तेच, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक लावून चाकं घसरवावी लागत नाहीत. पाणंदेत कुठे असा चढ आहे का, यावर बरंच ठरेल.

कोथरूडकर_मूळचा_बाळ्याचा

टायरचं निघालंच आहे तर: हवा कमी करा. 32 पीएसआयवरून 20-22 पर्यंत. टायर पसरतो, पकड वाढते. बारा व्होल्टचा पंप गाडीत ठेवायचा आणि डांबर लागायच्या आधी परत भरायची.

वाफसा

वाळूला हे चालतं. आमच्या मातीत टायर पसरला की जास्त माती उचलतो. अरुंद टायर खाली कापत जातो आणि कडक थराला लागतो.

मालदांडी

ताई, सप्टेंबरात खाली कडक थर असतो कुठं? आमच्याकडं पहार घातली तरी ओलच लागते. मी कोथरूडकरांच्या बाजूनं. मात्र फार कमी हवेत वळण जोरात घेतलं तर टायर रिममधून निसटतो, ते सांभाळून.

वाफसा

जूनमध्ये माझं खरं, सप्टेंबरात तुमचं. पहिल्या पावसात वरची वीतभरच ओली असते, परतीच्या पावसात हातभर. तेवढं मान्य करते.

हुरडा_खाणार

अवांतर: आषाढीला पंढरपूरच्या बाहेर पार्किंगसाठी जी रानं मोकळी करतात, तिथं हा सगळा धागा डोळ्यांनी बघायला मिळतो. रात्री पाऊस झाला की सकाळी महागड्या गाड्यांची रांग रुतलेली आणि एक जुनी जिप्सी सगळ्यांना ओढून काढतेय.

डबल_ट्रॉली

आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला चहा बी कुणी पाजत न्हाय लका.

ओढण्यावरनं एक सांगतो, हे मनावर घ्या. दोर बंपरला किंवा ॲक्सलला बांधायचा न्हाय. गाडीसोबत टो-हुक येतो, तो त्याच्या जागी पिळून घट्ट बसवायचा. लोखंडी वायररोप तर नकोच. तुटला की उलटा येतो आन माणूस जायबंदी होतो. रुंद पट्टा घ्या, ओढताना त्याच्यावर ओलं पोतं टाका, बघ्यांना लांब उभं करा. आन ट्रॅक्टरनं हिसका द्यायचा न्हाय, आधी पट्टा ताणून घ्यायचा.

कोथरूडकर_मूळचा_बाळ्याचा

पैशांचं कोणी बोललं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत असेल तर 18 टक्के. त्यावरच्या सगळ्यांना 40. रिअर-व्हील थारचं 1.5 डिझेल 18 मध्ये बसतं. फोर-बाय-फोर थारला इंजिनं मोठी, म्हणून 40. जिमनी चार मीटरच्या आत आहे पण पेट्रोल 1462 सीसी, तीही 40. ग्रँड विटाराची लांबीच जास्त, म्हणून 40. म्हणजे यजमान "स्वस्त पडते" म्हणतात त्यामागे नुसती दोन चाकं कमी नाहीत, कराचाही मोठा भाग आहे.

सीनाकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. रात्री नवऱ्याला आणि भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

डॉक्टरसाहेब, चढ आहे. वस्तीच्या अलीकडे ओढा आहे, त्यावर फरशी टाकलेली, आणि फरशीवरून निघालं की लगेच डावीकडे वळून आमच्या उंचवट्यावर चढायचं. बाबांचा ट्रॅक्टरसुद्धा तिथे खालच्या गिअरला येतो. आणि फरशीवरून पावसात पाणी वाहतं, त्याचं काय करायचं? थारची 650 मिलिमीटरची पाण्याची क्षमता जाहिरातीत वाचली आहे.

गोठ्यातला_डॉक्टर

तो आकडा उभ्या पाण्याचा समजा. वाहत्या पाण्यात गाडी तरंगायला आणि ढकलली जायला गुडघ्याखालचं पाणीही पुरतं, आणि चाकं जमिनीला नीट टेकत नसली की फोर-व्हीलचा काही उपयोग नाही. फरशीची कड दिसत नसेल तर गाडी अलीकडे ठेवायची. यात गाडीची निवड येत नाही. म्हातारी माणसं आहेत, तर ओढ्याच्या पाण्याच्या दिवसांत त्यांना आधीच गावात आणून ठेवा, आणि महिनाभराच्या गोळ्या वस्तीवर ठेवा.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं, रॉड वाकतो. विम्यात इंजिनचं वेगळं संरक्षण जोडून घ्या, साध्या पॉलिसीत ते नसतं.

गिअर_तेल

ओढा आणि लगेच वळून चढ असं असेल तर माझं उत्तर लो-रेंज. फोर-बाय-फोर थार किंवा जिमनी. ग्रँड विटारा त्या चढाला दोनदा-तीनदा प्रयत्न करेल आणि तापेल. जिमनी हलकी आहे, चिखलात हलकी गाडी कमी रुतते, आणि अरुंद पाणंदेत वळते पण छान. मागे आई-बाबांना बसायला आणि चढायला कुठली बरी, ते त्यांना प्रत्यक्ष बसवूनच ठरवा. थारच्या मागच्या सीटवर जायला पुढची सीट सरकवावी लागते, जिमनीला मागचे दरवाजे आहेत. रात्री दवाखान्यात न्यायचं म्हणताय, तर हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो.

मोडचं तुमच्या रस्त्यापुरतं सांगतो. सोलापूर ते गाव 2H, पाऊस असला तरी. डांबर संपायच्या ठिकाणी, पाणंदेत शिरायच्या *आधी*, 4H. रुतल्यावर लावण्यात अर्थ नाही. फरशीच्या अलीकडे थांबून पाणी बघायचं, तिथेच 4L, आणि उंचवटा चढून अंगणात जाईपर्यंत तसंच. येताना उलट क्रम.

सीनाकाठ

मग जिमनी. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, मागच्या दरवाजाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. भाऊही तयार झाला. नवरा म्हणतो जुनी बघू, पैसे वाचतील. जुनी फोर-बाय-फोर घेताना फोर-व्हील नीट चालतंय हे कसं तपासायचं?

गिअर_तेल

कच्च्या जागेवर घेऊन चला, शोरूमच्या फरशीवर नाही. 4H लावा, डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर लागला पाहिजे, लुकलुकत राहिला तर गडबड. मग 4L मध्ये पहिल्या गिअरला सोडा, कुठे कटकट किंवा गिअर निसटल्यासारखं वाटतंय का ऐका. परत 2H ला आणा, सहज यायला हवं. बरेच मालक लिव्हरला कधी हातच लावत नाहीत, त्यामुळे तो जाम झालेला असतो. घेतल्यावर तुम्ही महिन्यातून एकदा तरी कच्च्यावर 4H मध्ये थोडं चालवा, म्हणजे पुढच्या भागात तेल फिरतं.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत का बघा. खाली वाकून दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसच्या सीलपाशी तेल पाझरलंय का बघा. डिफरन्शियलचा फिलर बोल्ट उघडून बोट घाला. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, ती गाडी पुरातली असू शकते. आपल्याकडे सध्या अशा गाड्या विकायला निघाल्यात, म्हणून सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला मातीची रेघ आहे का तेही बघा. सीट धुतात, बेल्टचं टोक कोणी धूत नाही.